वासूआबांचे अकरा खडक

मी मोजणीचा माणूस. तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या भांडणात मधोमध उभं राहून हद्दी दाखवण्यात आयुष्य गेलं. "आज्याने स्वप्नात येऊन सांगितलं, आपली हद्द त्या फणसापर्यंत" असं शपथेवर सांगणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्यासमोरच टेप लावून हद्द चार हात मागे सरकवलीय. देवचार, चाळे, झपाटणं... कोकणात राहून या गोष्टी कानावर येणारच. पण मी कधी त्यांच्या वाटेला गेलो नाही. त्यामुळे पुढे लिहितोय ते वाचून कुणी हसलं तर राग नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही हसलो असतो.

रिटायर झाल्यावर आचऱ्याच्या घरी राहायला आलो आणि गावातल्या इतिहास मंडळात ओढला गेलो. मंडळ म्हणजे काय — बाजारात एका दुकानाच्या माडीवर दोन खोल्या, तीन कपाटं, सात-आठ माणसं. मोडी दस्त, भात मोजायची जुनी मापं, देवळातल्या उत्सवांचे फोटो. आमची सेक्रेटरी लतिका, शाळेत ग्रंथपाल आहे, तिच्या उत्साहावर सगळं चालतं. मी आल्या आल्या गावाचा जुना नकाशा ट्रेस करून दिला. जमिनीचा प्रत्येक तुकडा, विहिरी, पाणंदी, हद्दीवरची झाडं — सगळं नावानिशी. तो भिंतीवर लावला त्या दिवशी पिरावाडीहून वासूआबा काठी टेकत बघायला आले.

वासूआबा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे. जन्मभर मासेमारीच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. नकाशात किनाऱ्याची रेघ होती आणि तिच्या पलीकडे कोरा कागद. आबांनी त्या कोऱ्या भागावर बोट ठेवलं.

"हयसर काय नाय?"

"समुद्राची मोजणी आमच्याकडे नसते, आबा."

"माझ्याकडे आसा," ते म्हणाले. "अकरा खडक आसत पाण्याखाली. सगळ्यांका नावा आसत, खुणा आसत. माझ्या वांगडाचे, बरोबरीचे, सगळे गेले. पोरा आता मशीन बघून जातत, तेंका नावा कित्याक होयी? तुमी लिवन घेवा."

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात येतो. नाही गेलो. मग मंडळाचा कार्यक्रम आला, मग रंगकाम निघालं, मग माझ्या मुलीकडे गेलो. आबांनी तीनदा निरोप पाठवला, तीनदा मी "येतो" म्हणालो. आणि चौथा निरोप आला तो त्यांच्या सुनेचा, सुनंदाचा. आबांना लकवा झाला होता. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती.

महिन्याभराने मी आणि लतिका त्यांच्या घरी गेलो. दुपारचे तीन वाजले असतील. समुद्राला लागूनच घर, पण त्या दिवशी वारा पडलेला होता. पुढच्या खोलीत खाटेवर आबा, डोक्यावर करकरणारा पंखा. मी किनाऱ्याचा मोठा कागद आणला होता. कल्पना अशी की मी बोट फिरवीन आणि आबा मान हलवतील. बोलण्यातलं काही पकडता आलं तर असावं म्हणून फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि फोन खाटेच्या कडेला ठेवला.

मला पाहिल्यावर आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. म्हणजे ओठ हलू लागले... आवाज नाही. मधूनच घशातून "अं... अं" एवढंच. डाव्या हाताने ते हवेत काहीतरी दाखवत होते, गादीवर थापट्या मारत होते. आठ-दहा मिनिटं हे चाललं. मला बघवेना.

"राहू द्या आबा, दमू नका," मी म्हटलं.

ते थांबले नाहीत. लतिकाला खोकला आला, ती पाणी प्यायला आत गेली. शेवटी सुनंदाने त्यांचा हात धरला. "पुरे आता. भाऊ परत येतले." आबा थकून भिंतीकडे तोंड करून पडले. मी कागद गुंडाळला. माझ्या आळसापायी अकरा नावं गेली, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या खोलीत बसून फोनमधल्या नको त्या फाइली काढत होतो. कालची फाइल पुसायच्या आधी सहज लावली. पहिल्यांदा पंख्याची करकर, माझा आवाज, खाट हलल्याचा आवाज. आणि मग —

"पयलो काळो पाट. डोंगराची घळ पिंपळाच्या मागे इली काय समजायचा..."

पुरुषाचा आवाज. भरदार, ठणठणीत. एकेक नाव, मग त्याच्या दोन खुणा, मग खोली. काळो पाट. घोडो. सासू, तिच्या आडोशाक सून. पेजेचो खडक, म्हणजे भरती येईस्तोवर जिथे होडी थांबवून पेज जेवायचे तो. त्या बोलण्यामागे वल्ही पाण्यात पडल्याचा आवाज येत होता, एका लयीत. आणि हे सगळं चालू असताना मध्येच माझाच आवाज — "राहू द्या आबा, दमू नका." त्यानंतर तो माणूस क्षणभर थांबतो आणि पुढचं नाव सांगतो. मग लतिकाचा खोकला. मग शेवटी सुनंदा, "पुरे आता."

मोजून अकरा नावं.

लतिका आली. मी काही न सांगता तिला ऐकवलं. अर्ध्यातच तिने फाइल थांबवली. "काका, हे काल नव्हतं," ती म्हणाली. "मी तिथे होते. हे नव्हतं."

त्याच दुपारी सुनंदाला ऐकवलं. तिने पदर तोंडाला लावला. "आबांचोच आवाज. माझा लगीन झाला तेवा असो होतो," ती म्हणाली.

संशय घ्यायचा तेवढा मी घेतला. आबांच्या घरून निघाल्यापासून फोन माझ्याजवळच होता. कुडाळला माझा एक भाचा साउंडचं काम करतो, त्याने फाइल कॉम्प्युटरवर टाकून तपासली. कुठे जोड नाही, कुठे काप नाही. "मामा, एकाच वेळी एकाच फोनवर झालेलं रेकॉर्डिंग आहे," तो म्हणाला. "फक्त हे खोलीत झालेलं वाटत नाही."

मग मी ठरवलं, आवाज कुणाचा ते बाजूला ठेवू. माहिती खरी की खोटी, ते तर मोजता येतं.

पिरावाडीतला नारायण, पन्नाशीचा, स्वतःची होडी असलेला. त्याला यादी दाखवली. रेकॉर्डिंगचं सांगितलं नाही, आबांकडून मिळाली एवढंच म्हटलं. त्याला त्यातले सहा खडक माहीत होते, नावं मात्र एकाचंही नाही. "आमी जीपीएसात नंबर टाकतो," तो म्हणाला. पण येतो म्हणाला. पौषातल्या दोन सकाळी आम्ही समुद्रात गेलो. नारायणाने आदल्याच महिन्यात होडीवर खोली दाखवणारं यंत्र बसवलं होतं. खुणा जुळल्या की मी हात वर करायचा, तो इंजिन बंद करायचा आणि शिसं बांधलेली दोरी सोडायचा. खोली वावांत मोजायची, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढ्या लांबीत. दहा खडक मिळाले. दहाही सांगितल्या जागी, सांगितल्या खोलीवर.

अकरावा अडला. रेकॉर्डिंगमध्ये होतं — "उंडीचो खडक. मोठ्या उंडीच्या शेंड्यार डोंगराचो खांदो येवक होयो, आणि उजवीकडे तोंडवळीचा टोक उघडा पडाक होया. वर तीन वाव, भोवतीन आठ. जाळा टाकू नको."

उंडी म्हणजे किनाऱ्यालगत वाढणारं एक झाड, पण आमच्या किनाऱ्यावर मोठी उंडी नव्हतीच. नारायणाने त्याच्या जन्मात पाहिली नव्हती.

मी घरी येऊन माझाच ट्रेस केलेला जुना गावनकाशा पसरला. दोन सर्व्हे नंबरांच्या हद्दीवर, किनाऱ्यापासून थोडं आत, एक झाडाची खूण होती आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं — उंडी. मीच लिहिलं होतं, मूळ नकाशावरून. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. हद्दीचे दोन दगड शाबूत होते. त्यांच्यावरून मापं टाकत टाकत झाडाची जागा काढली, ती एका होमस्टेच्या अंगणात आली, गाड्या लावायच्या जागी. मालकाला समजावून सांगितलं. त्याने दोन स्कूटर बाजूला घेतल्या, वर सगळ्यांना चहाही दिला.

लतिकाने तिथे उंच बांबू उभा केला. टोकाला सुनंदाची लाल साडी बांधली. आम्ही होडी काढली.

बराच आत गेल्यावर लाल ठिपका हळूहळू सरकत डोंगराच्या खांद्याखाली आला. नारायण मान हलवत होता. "भाऊनू, हयसर खडक नाय. वीस वर्षा हयसून जातंय मी." आणखी थोडं पुढे गेलो. उजवीकडे तोंडवळीचं टोक उघडं पडलं. मी हात वर केला.

यंत्रावर आठ वावांच्या आसपास असलेली रेघ एकदम वर चढली. नारायणाने इंजिन बंद केलं. दोरी सोडली, ती सैल पडली. त्याने ती परत ओढून हाताने मापली, माझ्याकडे न बघता.

"तीन," तो म्हणाला.

मग तो होडीच्या काठावर बसला. "माझी दोन जाळी हयसरच फाटली. पाण्याक वढ आसा म्हणान फाटली असा वाटला." थोड्या वेळाने म्हणाला, "आबांका कसा सांगूक जमला ता?"

मी त्याला तिथेच फोनमधलं रेकॉर्डिंग लावून ऐकवलं. पूर्ण ऐकून झाल्यावर त्याने समुद्राला हात जोडले आणि होडी वळवली. होमस्टेच्या अंगणात लतिका अजून बांबू धरून उभी होती. नारायणाने लांबूनच तीन बोटं दाखवली, आणि ही चाळीस वर्षांची ग्रंथपालबाई तिथेच उड्या मारायला लागली. मीही होडीत उभा राहून हात हलवत होतो. मोजणी बरोबर आली म्हणून इतका आनंद नोकरीत एकदाही झाला नव्हता.

माघी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी आम्ही नकाशा लोकांपुढे ठेवला. भिंतभर कागद, मी हाताने काढलेला. समुद्राच्या कोऱ्या भागात अकरा खडक, नावं, खुणा, खोली. कोपऱ्यात 'माहिती : वासू तांडेल, पिरावाडी'. मंडळात पन्नास माणसं जमली तर खूप म्हणायचो, त्या दिवशी जिन्यावर रांग होती. पिरावाडी, जामडूल, तोंडवळीहून मच्छीमार आले होते. शाळेत फारसे न गेलेले लोक बोट ठेवून मोठ्याने नावं वाचत होते, एकमेकांना सांगत होते — हो बघ घोडो, ही सासू. नारायण तर गाईडच झाला होता.

आबांना रिक्षाने आणून खुर्चीसकट माडीवर उचलून आणलं. नवा सदरा, डोक्याला टोपी. ते नकाशाकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्याची एकच बाजू हसू शकत होती, ती हसत होती.

लतिकाने विचारलं, रेकॉर्डिंग लावू का? सुनंदा हो म्हणाली. खोलीत आवाज भरला. आबांचे ओठ त्या आवाजाबरोबर हलू लागले, एकही शब्द मागेपुढे नाही.

दहाव्या खडकानंतर त्या रेकॉर्डिंगमध्ये तो माणूस थांबतो आणि विचारतो, "आयकतस मां?" तो प्रश्न आम्हाला उद्देशून आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

आबांनी मान वर केली. "होय, बाबा," ते म्हणाले.

स्पष्ट. सगळ्यांनी ऐकलं. लकव्यानंतरचे त्यांचे ते पहिले शब्द. सुनंदा त्यांच्या पायांशी बसली. "आबा, ह्यो तुमच्या बाबांचो आवाज?" त्यांनी मान हलवली, होय. आणि डाव्या हाताने वल्हं मारल्यासारखं करून दाखवलं, मग छातीला हात लावला — मी, लहान, होडीत.

आबांचे वडील भिकाजी, आबा विशीत असताना वारले. त्या काळी पिरावाडीत आवाज टिपायचं यंत्र सोडा, वीजही नव्हती.

आबा आता थोडं थोडं बोलतात. डॉक्टर म्हणतात, अशा झटक्यानंतर वाचा कधीकधी अशीच परत येते, भावनेचा जोर बसला की. त्यात मला शंका नाही. नारायणाच्या पाहण्यात उंडीच्या खडकावर त्यानंतर कुणाचं जाळं फाटलेलं नाही. बंदरावर आता नंबराऐवजी नावं ऐकू येतात, तेव्हा मी उगाचच तिथे उभा राहतो. फाइल मंडळात आहे. ज्याला ऐकायची त्याने यावं, आम्ही चहाही देतो.

नकाशात त्या रविवारीच, सगळ्यांसमोर, मी पेन काढून आबांच्या नावाच्या वर भिकाजींचं नाव लिहिलं. आमच्या खात्याच्या सवयीने त्याखाली आणखी एक रकाना आखलेला होता, माहिती कोणत्या मार्गाने मिळाली त्याचा. मी बराच वेळ पेन धरून उभा होतो. तो रकाना अजून कोरा आहे.