उन्हात पाहिलेला दात

गंगापूर रोडवरच्या दातांच्या दवाखान्यात माझ्या आधी त्यांचा नंबर होता. साठीचे गृहस्थ, पुढच्या दाताचा टवका उडालेला. आपण येवल्याला पैठणी विणतो, हे त्यांनी बसल्या बसल्याच मला सांगून टाकलं होतं.

आतलं दार उघडंच होतं, त्यामुळे पुढचं सगळं मला दिसलं. डॉक्टरीणबाईंनी नमुन्याच्या दातांची पट्टी त्यांच्या ओठांशी धरली आणि सर्वांत पांढरा रंग सुचवला. हे खुर्चीतून उठलेच.

"बाई, ट्यूबलाइटीत रंग बघायचा नसतो. उन्हात चला."

बाईंना घेऊन ते थेट गॅलरीत गेले. रेशमाच्या लड्या चाळाव्यात तसे त्यांनी नमुने चाळले आणि आरशात बघून एक चहा प्यायलेला पिवळा निवडला.

"काका, पांढरा छान दिसेल हो."

"एकट्यानं छान दिसून काय करायचं? शेजारच्यांत मिसळला पायजे. सांधा दिसला तर इणणारा कच्चा."

बाईंनी तोच रंग भरला आणि निळ्या दिव्याने पक्का केला.

बाहेर येऊन ते माझ्यासमोर खुशीत हसले. मी चष्मा लावून पाहिलं, तरी दात कुठे संपतो आणि भरलेलं कुठे सुरू होतं, ते कळेना. गेल्या वर्षी मी मात्र हौसेने सर्वांत पांढरा रंग भरून घेतला होता. ते विसरून मीही मनापासून हसलो.

त्यांनी एकदाच पाहिलं आणि हळूच म्हणाले, "तुमचा लगेच सापडला."