एकदम कापू का वाटून?

दिवाळीचा बोनस जमा व्हायच्या आठ-दहा दिवस आधी कुंदाताई झाडे आमच्या वर्कशॉपमध्ये यायच्या. हातात लांबट वही, कानाला अडकवलेला पेन, आणि मशीनच्या खडखडाटावर मात करणारा एकच प्रश्न : "सांगा गा लवकर, एकदम कापू का वाटून कापू?" नवा माणूस दचकायचाच. ही बाई कोण आणि काय कापायला निघाली आहे, त्याला कळायचं नाही. मग कोणीतरी हसत सांगायचं की बाप्पा, टॅक्स विचारून राहिल्या, तुझा गळा नाही.

मिहानच्या औद्योगिक पट्ट्यातली आमची कंपनी विमानांचे सुटे भाग बनवते. मी तिथे मेन्टेनन्सचा सुपरवायझर. कुंदाताई पगार विभागात होत्या. विभाग कसला, एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक कुरकुरणारं कपाट आणि त्या स्वतः. तीन-चारशे माणसांचा पगार त्या एका टेबलावरून निघायचा. आमच्या सॉफ्टवेअरची रीत अशी की बोनस ज्या महिन्यात मिळाला, त्यावरचा सगळा टॅक्स त्याच महिन्याच्या पगारातून कापून मोकळं व्हायचं. पण कोणी मागितलं तर तोच टॅक्स मार्चपर्यंतच्या महिन्यांत थोडा-थोडा वाटून कापता येतो. हे मागायचं असतं, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणून ताई विचारत फिरायच्या. त्यांना तसं कोणी सांगितलेलं नव्हतं. उलट प्रत्येक "वाटून"मागे त्यांचं हातानं करायचं काम वाढायचं.

"बोनस बँकेत येईपर्यंत बायकोले आकडा सांगू नका," हा त्यांचा दुसरा मंत्र. "कागदावरचा आकडा वेगळा अन् हातातला वेगळा. बायको कागदावरचाच ध्यानात ठेवते. मी पन बायकोच आहो, मले माहीत आहे."

एकदा वानखेडे नावाचा आमचा जुना फिटर पगाराची स्लिप नाचवत त्यांच्यावर धावून गेला. बोनसवर सरकार जास्त दरानं टॅक्स घेते, मेहनतीची काही किंमतच नाही, असं त्याचं म्हणणं. ताई तिथेच अवजारांच्या पेटीवर बसल्या. म्हणाल्या, "टॅक्स काही तुमच्यावर रुसला नाही, वानखेडेभाऊ. बोनसचा वेगळा दर नसते. तुमचा वर्षाचा पगार पायऱ्या चढत जाते, अन् हर पायरीले दर वाढते. बोनस येते सगळ्यात शेवटी, तं त्याले बसाले वरचीच पायरी भेटते. खालच्या पायऱ्या तुमच्या पगारानं आधीच भरून टाकल्या ना!" वानखेडेला पटलं की नाही कोण जाणे, पण नंतर तोच सगळ्यांना पायऱ्या समजावत फिरायचा.

पॅकिंगमधल्या शोभाबाईंच्या मुलीची नर्सिंगची फी नेमकी दिवाळीत भरायची होती. टॅक्स एकदम कापला तर हाती किती येईल ते ऐकून त्या रडायलाच लागल्या. "घाबरू नको वं," ताई म्हणाल्या, "तुया वाटून टाकते. फी आधी, सरकार मार्चपर्यंत थांबते." फी भरली गेली. ती मुलगी आज मोठ्या दवाखान्यात नोकरीला आहे. अशा गोष्टी ताईंच्या वहीत शंभर असतील.

आता माझी सांगतो. सांगायला जीभ जड होते, पण सांगतो.

त्या वर्षी दसरा झाला आणि ताई वही घेऊन आल्या. वाळल्या होत्या. डोक्याला स्कार्फ गुंडाळलेला. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "ऑफिसातला एसी सोसत नाही." मी कॉम्प्रेसरखाली अर्धा घुसलेलो, घामानं भिजलेलो, आणि वरून यांचा प्रश्न. म्हटलं, "ताई, डोकं नका खाऊ. करा काय करायचं ते."

"विचार करून सांग गा, सुनील. उद्या सांजपर्यंत थांबते तुयासाठी," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं नाही. विसरलो म्हणणंही खोटं, मी ते मनावरच घेतलं नाही. डोक्यात दुसरंच चाललं होतं. मी राहतो त्या हुडकेश्वरच्याच एका ओळखीच्या माणसाची जुनी गाडी मी ठरवली होती. बोनसच्या कागदावरच्या आकड्यात ती बरोबर बसत होती. बायकोला सांगून झालं, मुलांना सांगून झालं, सासुरवाडीला "यंदा भाऊबीजेला गाडीनं येतो" असा निरोपही गेला. ताईंचा मंत्र वर्षानुवर्षं ऐकणारा मी, पण म्हणतात ना, दिव्याखाली अंधार.

बोनस आला. मी काही सांगितलंच नव्हतं, तेव्हा सॉफ्टवेअरच्या रीतीनं टॅक्स एकदम कापला गेला. गाडीचा बेत गेला. फोन करून त्या माणसाला नाही म्हणावं लागलं, आणि माझं डोकं भणभणलं. दुपारी कॅन्टीनमध्ये ताई एकट्याच बसून खारी बिस्किटं कुरतडत होत्या. तेव्हा त्यांना जेवण जात नव्हतं, हे आम्हाला फार नंतर कळलं. मी स्लिप त्यांच्यासमोर आपटली.

"तुमच्या घरून देऊन राहिले का? खुर्चीत बसून लोकांचं कापायचं अन् बिस्किटं खायाची, याच्यावाचून दुसरं काम काय आहे तुम्हाले?"

सगळं कॅन्टीन थांबलं. आणखीही बोललो मी. ते लिहीत नाही. ताईंनी बिस्किटाचा पुडा बंद केला, ओढणीला हात पुसले. "मी विचारलं होतं, सुनील," एवढंच म्हणाल्या आणि उठून गेल्या. वानखेडे मला म्हणाला, "अबे, चुकलास तू." मी त्यालाही दोन शब्द सुनावले.

नोव्हेंबरचा पगार झाला तेव्हा स्लिप बघून मी चक्रावलो. टॅक्स जवळजवळ कापलाच नव्हता. ताईंनी माझा वर्षाचा हिशेब नव्यानं मांडला होता. त्या महिन्याचा टॅक्स पुढे ढकलून मार्चपर्यंत वाटला होता, म्हणजे दिवाळीत गेलेले पैसे माझ्या हातात थोडे तरी लवकर यावेत. मी न मागता. मला एका शब्दानं न सांगता. गाडी अजून विकली गेली नव्हती, ती मी घेतली. माफी मागायला मात्र दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा रजा किती उरल्या ते विचारून परत आलो. पुरुषाचा अहंकार म्हणा, मूर्खपणा म्हणा. दोन्ही खरं आहे.

डिसेंबरात ताई रजेवर गेल्या. "मुलाकडे पुण्याले चालली," असं सांगून गेल्या. जानेवारीत एका सकाळी कंपनीच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला, खाली हात जोडलेले. कॅन्सर होता. वर्षभर होता. आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

जूनमध्ये त्यांचा फॉर्म सोळा तयार झाला, म्हणजे वर्षभरात किती कमाई आणि किती टॅक्स कापला त्याचा दाखला. तो आणि वारसाच्या सहीचा अर्ज घरी पोचवायचं काम मी मागून घेतलं. नंदनवनात त्यांचे यजमान रमेशभाऊ पिठाची चक्की चालवतात. पांढऱ्या भुवया, बनियनवर पीठ. मला आत बसवलं, माठातलं पाणी दिलं. भिंतीवर ताईंचा फोटो होता, हार ताजा होता.

"याच्यातलं काही वापस भेटते का गा, भाऊ?" त्यांनी विचारलं.

मी कागद बघितले. परत मिळणार होतं, बरंच मिळणार होतं. ऑक्टोबरात ताईंनी स्वतःच्या बोनसवरचा टॅक्स एकदम कापला होता, आणि वर्षाचा पगार मार्चपर्यंतचा, पूर्ण बारा महिन्यांचा धरला होता. पगार विभाग सगळ्यांचा तसाच धरतो. माणूस मधेच जाणार असेल तर तशी तारीख टाकायची, मग कमी महिने धरले जातात आणि टॅक्सही कमी कापला जातो. ताई तर जानेवारीतच गेल्या. न मिळालेल्या पगारावरचा टॅक्स त्यांनी भरून ठेवला होता.

"ताईंना अंदाज नव्हता का?" मी विचारलं.

"होता ना. दसऱ्याच्या आधीच डॉक्टरनं सांगितलं होतं. म्हणे, दिवाळी होईन, होळीचं सांगता येत नाही."

"मग बारा महिने काहून धरले त्यांनी?"

रमेशभाऊ म्हणाले, "मी पन हेच म्हटलं होतं तिले. तं म्हणे, कमी महिने धराचे असन तं कॉम्प्युटरमंदी नोकरी सोडाची तारीख टाका लागते. टाकली का साहेबाले दिसते, अन् साहेबाले दिसली का साऱ्या कंपनीले. म्हणे, लोकं खुशीनं बोनस घेऊन राहिले, त्याईचं तोंड काहून कडू करू? अन् मंग हसली. म्हणे, तुमचं बुडत नाही, सरकार वापस देते."

शेजारच्या खोलीत चक्कीवर कोणाचं तरी दळण पडलं होतं. मला तिथे बसवेना. अखेर म्हणालो, "भाऊ, त्या बोनसच्या वेळी मी ताईंना कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर फार वाईट बोललो होतो. माफी मागायची राहून गेली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"सांगितलं होतं तिनं," ते म्हणाले. "त्या दिवशी घरी येऊन लय रडली. एवढी तं डॉक्टरनं सांगितलं तवा पन नव्हती रडली. मी लय विचारलं, कोण होता तो, सांग." त्यांनी पंच्यानं हातावरचं पीठ पुसलं. "पन नाव नाही सांगितलं तिनं."

मग वारसाचा अर्ज त्यांनी पुढे ओढला, चष्मा लावला आणि मला विचारलं, "सही कुठं करू?"