भावाच्या दुकानातले थेंब

माझ्या उजव्या डोळ्यात, वरच्या पापणीआड, सिलिकॉनची एक बारीक नळी आहे. डोळ्यातलं जास्तीचं पाणी ती मागे शिवलेल्या चकतीकडे नेते आणि प्रेशर चढू देत नाही. डावा डोळा नळीपर्यंत पोचलाच नाही. लोक विचारतात, काचबिंदू घराण्यात होता का? मी नाही म्हणतो आणि विषय बदलतो.

मी दारव्ह्याच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. बाहेर भाव पडले की सगळा तालुका आमच्या फाटकावर यायचा. अशा वर्षी तर गाड्यांची रांग तीन-तीन दिवस हलत नसे. वरचा कापूस पाहून ग्रेड लावायची नाही, हा आमचा पहिला नियम. वर पांढराशुभ्र, खाली कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस, हे नेहमीचंच. म्हणून हात कोपरापर्यंत आत घालायचा, तळातला पुंजका काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत ओढून धागा बघायचा आणि डोळ्यांजवळ नेऊन डाग शोधायचे. दिवसभर तंतू डोळ्यात जायचे. संध्याकाळी नुसती आग व्हायची.

थोरल्या भावाचं बाजारात मेडिकल होतं. एकदा डोळे चोळत गेलो, तर दादानं एक बाटली दिली. दोन थेंब, की डोळे गार. असा गुण मी कधी पाहिला नव्हता. चार हंगाम ते थेंब घातले. बाटली संपली की दादा दुसरी काढून द्यायचा, कधी डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही. मला ते प्रेमच वाटायचं. केंद्रावरचे दोघं हमालही माझ्याच बाटलीतून घालायचे. त्यांचं पुढं काय झालं, हे विचारायची माझी अजून छाती होत नाही.

मग डावीकडून येणारी माणसं दिसेनाशी झाली. दादानंच मला नागपूरला नेलं. डॉक्टरबाईंनी प्रेशर तपासलं आणि डोळ्यात काय घालता, असं विचारलं. मी कौतुकानं खिशातली बाटली काढली. त्यांनी लेबल वाचलं आणि ती परत दिलीच नाही.

"हे स्टेरॉइड आहे. आठ-दहा दिवसांचं औषध तुम्ही चार वर्षं घातलंत. डोळ्याची नस सुकत आलीय."

डॉक्टरबाई दादाकडे वळून बोलू लागल्या, तर मीच मध्ये पडलो. म्हटलं, तो दुकानदार आहे, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक!

डावा वाचण्यासारखा नव्हता. उजव्याचं ऑपरेशन करून पाण्याला वाट केली, ती दोन महिन्यांत भरून आली. मग नळी बसवली. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली राहील, एवढंच त्यांनी कबूल केलं होतं. दोन्ही वेळा सही दादानं केली, दोन्ही वेळा तो बाहेर बसून रडला.

घरी आल्यावर वहिनी ऑपरेशननंतरचे थेंब घालायला यायची. एका दुपारी ती सहज बोलून गेली, "भाऊजी, ते पयलंवालं औषध मलेही देलं होतं यायनं. आठव्या दिवशी हातातून हिसकून घेतलं. म्हणे, जास्त दिवस टाकलं तं डोये जातात."

"कधीची गोष्ट?"

"तुमचं चालू होतं, तवाचीच," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं. थेंब गालावर पडला.

मला राग नंतर आला, आधी लाज वाटली. साऱ्या तालुक्याच्या गाड्यांचा तळ बघणारा मी, डॉक्टरसमोर दादाची वकिली करून आलो होतो.

संध्याकाळी दादा आला.

"दादा, तुले मालूम होतं?"

तो बराच वेळ चपला काढत राहिला. मग म्हणाला, "तुले त्याच्याशिवाय चैन पडत नव्हती. म्या बाटली नसती देली, तं दुसऱ्या दुकानातून आणली असती तू."

ते खोटं नव्हतं.

"आणली असती," मी म्हटलं. "पण मंग मले कोण्या परक्यानं आंधळं केलं असतं."