जीवनसत्त्वं राखून केलेली शेवळं

माझ्या सासूबाईंचा आवाज मी एकदा अडीच तास बंद पाडला होता. हे आजवर दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही, खुद्द सासऱ्यांनाही नाही.

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. आम्ही साताऱ्याहून नवीन पनवेलला राहायला येऊन वर्ष झालं होतं. नीलाला पाचवा महिना लागला आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त कमी आहे. पालेभाज्या खा." बातमी साताऱ्याला पोचली, तशी सासूबाईंची चिठ्ठी आली : रविवारी येते, नीलाला घेऊन जाते. म्हणजे बाळंतपण होऊन वर सव्वा महिना जाईपर्यंत मी एकटा! मला ते नको होतं. नीलालाही नको होतं. (असं ती म्हणाली होती. मी लेखी घेतलं नाही.)

तिची काळजी मी इथंच नीट घेऊ शकतो हे दाखवायला मी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत एका मासिकात वाचलं होतं, की भाजी फार शिजवली की जीवनसत्त्वं मरतात, आणि उकळलेलं पाणी ओतून दिलं की उरलेली मोरीत जातात. झालं! त्या दिवसापासून आमच्याकडे गवार दाताखाली वाजू लागली. माठाच्या भाजीचं पाणी आमटीत, दुधीचं कणकेत गेलं. कोबीचं चहात जाता जाता राहिलं.

"अहो, भाजी निदान मऊ तरी होऊ द्या," नीला म्हणायची.

"मऊ झाली की संपलीच ती," मी सांगायचो.

रविवारी सकाळी बाजारात डोंगराकडून आलेली एक बाई शेवळं घेऊन बसली होती. जांभळट, लांब कोंब. ही रानभाजी मी तोवर कधी खाल्लीही नव्हती. दोन जुड्या घेतल्या, तर तिनं वर मूठभर हिरवी, आंबट फळं पिशवीत टाकली.

"ही काकडं घाल, दादा. आन पयलं पानी फेकून दे. नायतर घसा धरंल."

"मावशी, सगळी जीवनसत्त्वं त्या पाण्यातच असतात."

"आसतील. पन खाज पन त्याच पान्यात आसते."

अडाणी बाई, असं मनात म्हणून मी काकडं परत केली.

दुपारी सासूबाई आल्या. मी पान वाढलं आणि शेजारी उभा राहून भाषण दिलं. "पाच मिनिटांची वाफ, आई. पाण्याचा थेंब वाया घालवलेला नाही." नीलाला वासानंच मळमळलं, म्हणून ती दहीभातावर होती. देवाची कृपा.

"जावईबापू, चव जरा निरा—" एवढं बोलून सासूबाई थांबल्या. त्यांनी घसा धरला. मला वाटलं, ठसका. मग मी घास घेतला, आणि माझ्या घशात कुणीतरी काथ्या फिरवायला लागलं.

नीलानं धावत चिंच आणली. सासू-जावई समोरासमोर बसून ती चोखू लागलो. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द नाही. नीला पोट धरून हसत होती. महिनाभरात ती पहिल्यांदाच अशी हसली आणि मला मात्र रडू येत होतं, कारण आता ती जाणार हे नक्की झालं होतं.

अडीच तासांनी सासूबाईंना वाचा फुटली. "या माणसाच्या भरवशावर मी मुलगी ठेवणार नाही."

"मग, नेताय तिला?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"नेऊ कशाला? तिचा दवाखाना इथं, डॉक्टरीण इथं. मीच राहते."

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन त्याच बाईकडे गेल्या. "बाई, ती फळं दे आणि भाजी कशी करायची ते मला सांग. यांना सांगू नकोस."

"यांना सांगितलावता मी," बाई म्हणाली.

पुढं आमच्या घरी भाज्या धुऊन मग चिरल्या जाऊ लागल्या, झाकण ठेवून शिजू लागल्या. ज्यांचं पाणी ठेवायचं त्यांचं ठेवलं, ज्यांचं टाकायचं त्यांचं टाकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यातलं लोह अंगी लागतं. नीलाचं रक्त वाढलं आणि दिवाळीच्या आधी आम्हाला गुटगुटीत मुलगी झाली. त्या दिवशी मला किती आनंद झाला, ते सांगता येत नाही.

सासूबाईंचा आवाज जो परत आला, तो त्यानंतर कधीच बसला नाही. मला स्वयंपाकघरात एक काम मात्र राहिलं आहे : लिंबू पिळायचं. तेही पानं वाढून झाल्यावर, त्यांच्या देखत.