रोहित पक्ष्यांचं पान

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आठवलं की हसू येतं, आणि तरीही — सांगायची लाज वाटते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी काटेवाडीहून बारामतीला कॉम्प्युटर क्लासला जायचे. प्रदर्शनासाठी प्रत्येकानं एक वेब पान करायचं होतं. माझ्या पानावर काय होतं? गुलाबी रंग आणि माझं नाव!

इंदापूरच्या सुषमानं, माझ्या मैत्रिणीनं, उजनी धरणाच्या पाण्यावरच्या रोहित पक्ष्यांचं पान इंटरनेटवर टाकलं होतं. फोटो तिचे, मजकूर तिचा. आणि मी नुकतीच आयफ्रेम शिकले होते — आपल्या पानाला खिडकी पाडायची, तिच्यातून दुसऱ्याचं पान दिसतं. मी खिडकीची चौकट लपवली. सुषमाचं नाव तळाशी होतं, म्हणून खिडकीची उंची तेवढी कमी ठेवली, ते दिसूच नये अशी. चुकून झालं म्हणू? कसं म्हणू?

प्रदर्शनात टाळ्या पडल्या. माझे वडील, आबा, पडद्याला नाक लावून बघत होते.

"ही पाखरं तू केलीस व्हय गं?"

"व्हय, आबा."

मग आबांना राहवेना. खरी पाखरं बघायचीच! रविवारी आम्ही उजनीच्या काठावर गेलो. सुषमा दर रविवारी तिथं असते, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण आबांना नाही म्हणवेना.

ती कॅमेरा घेऊन उभीच होती. आबांनी तिला कधी पाहिलं नव्हतं; ते थेट तिलाच म्हणाले, "पोरी, ह्या पाखरांचं पान माझ्या लेकीनं केलंय. बघितलंस का?"

सुषमानं माझ्याकडं पाहिलं.

"बघितलंय की, आबा. लई झ्याक झालंय."

आणि तिनं आम्हाला तिनं ठरवलेल्या होडीत घेतलं. थवा उठला, आभाळ गुलाबी झालं, आबा होडीत उभे राहून टाळ्या पिटायला लागले, होडीवाला ओरडला, "बसा पाव्हणं, बुडवताय!" — आम्ही तिघं पोट धरून हसलो. इतका आनंद मला फार थोड्या वेळा झालाय. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात क्लासमध्ये माझं पान उघडलं. सुषमानं तिच्या पानावर सगळ्यात वर नवा फोटो टाकला होता, म्हणून तो माझ्याही पानावर आला होता — होडीत उभे, टाळ्या वाजवणारे आबा.

"काय फोटो काढलायस गं!" सगळे म्हणाले.

मी म्हटलं, "थँक्यू."