एका पावाचे किती डबे

बजाजनगरात माझी मेस आहे. वाळूजच्या कंपन्यांमधल्या कामगारांना आमच्याकडून डबे जातात, सत्तर रुपयांना एक. त्यामुळं आमच्या घरात कुठलीही वस्तू रुपयांत मोजत नाहीत, डब्यांत मोजतात. ही खोड माझीच. फ्रिज आणला तेव्हा मी म्हटलं, "तीनशे डबे गेले!" लेकीची चप्पल पाच डब्यांची. लहान असताना ती दुकानात उभ्या उभ्या बोटांवर हिशोब करायची आणि मी चारचौघांत तिचं कौतुक करायचे. जळो ते कौतुक.

लेक आयर्लंडला शिकायला गेली तेव्हा युरो नव्वदीत होता. नवऱ्याचा पगार तिच्या कर्जाच्या हप्त्यात जायचा आणि तिथल्या खर्चाला माझ्या मेसचे पैसे. सुरुवातीला लई हसायचो आम्ही. "आई, इथला एक पाव म्हणजे तुझे दोन डबे!" "अगं बया! सोन्याचा हाय का?" रोज फोन आला की मी आधी तेच विचारायचे, "काय बाईसाहेब, आज किती डबे उडवले?" चेष्टाच होती. मला तरी चेष्टाच वाटायची.

मग बातम्यांत रुपया घसरायला लागला. मी टीव्हीकडं बघून म्हणायचे, घसरंना का, आपल्याला काय त्याचं? ज्वारी इथली, तेल इथलं, गिऱ्हाईक इथलं. बँकेत पैसे पाठवायला गेले तेव्हा समजलं. रक्कम तेवढीच भरली आणि युरो कमी निघाले. पुढच्या खेपेला आणखी कमी. मी डब्याचे पाच रुपये वाढवते म्हटलं तर कामगार म्हणाले, "काकू, आमचा पगार वाढलाय का?" त्यांचंही खरंच होतं. भाव सत्तरच ठेवला.

लेकीनं बस सोडली. चालत जाते म्हणाली, तब्येतीला बरं असतं. मग हळूहळू तिनं भाव सांगायचं बंद केलं. मी विचारलं, "आज किती डबे?" तर म्हणायची, "आज शून्य." मला अक्कल नाय, मी शेजारणीला सांगत सुटले, पोरगी बाहेरचं कायसुद्धा खात नाय, लई शहाणी झाली. एकदा व्हिडिओवर तिच्यामागं लोणच्याची बरणी दिसली. वर्षभर पुरावी म्हणून मागाहून कुणाच्या तरी हाती पाठवलेली बरणी दोन महिन्यांत तळाला गेली होती. नुसत्या भातावर लोणचं खातेस काय गं, असं विचारणार होते. तेवढ्यात तिनं कॅमेरा छताकडं फिरवला आणि म्हणाली, "नेटवर्क नाय."

तेव्हाच ओरडायला पाहिजे होतं मी. ओरडले नाय, कारण बाहेर संध्याकाळचे डबे भरायचे होते.

त्यानंतर आठ-दहा दिवस तिचे नुसते मेसेज यायचे. एका दुपारी मी कणीक मळत होते आणि तिच्या नंबरवरून फोन आला. आवाज तिच्या खोलीतल्या हैदराबादच्या मुलीचा. "आंटी, आठ दिन से बुखार है इसको. डॉक्टर के पास चलती नहीं, आप बोलो." मी म्हटलं, दे तिला. आधी खोकलाच ऐकू आला, लांबलचक. मग लेक म्हणाली, "आई, डॉक्टरची फी नव्वद डबे होते गं. मी आले तेव्हा सत्त्याहत्तर होती. उतरंल ताप."

कणकेच्या हातानं फोन धरून मी बोंबलले. आग लागो त्या डब्यांना, आत्ता ऊठ, आत्ता जा! गल्लीतली माणसं दारात आली. त्या मुलीनं तिला धरून नेलं. डॉक्टरनं बघितलं आणि तिथूनच हॉस्पिटलात पाठवलं. न्यूमोनिया. दोन दिवस आम्हाला तिच्याशी बोलता आलं नाय. मी डबे भरत होते, कुणाचा कुठला हे कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिचा आवाज आला, कुठूनतरी खोल विहिरीतून यावा तसा. मी म्हटलं, "बाळा, जेवलीस का?" ती म्हणाली, "आई, हॉस्पिटलचे किती डबे होतील?"

मी म्हटलं, "गप्प बस, एकसुद्धा नाय."

पण खरं सांगते, हे म्हणायच्या आधीच माझ्या डोक्यात हिशोब सुरू झाला होता.