सातव्या मजल्यावरची बाज

डोहाळजेवण आटोपलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याला यायला गाडीत बसले. करमाळ्याकडच्या आमच्या गावानं असलं काही पाहिलं नव्हतं. सातव्या महिन्यात लेक माहेरी येते ती कडेवर मूल घेऊनच परत जाते. मी जेवले, ओटी भरून घेतली आणि निघाले. आई दारापर्यंत आली नाही. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कांद्याची पिशवी डिकीत ठेवली, डिकी लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाज इणून ठिवली हुती. आसू दे."

त्या 'आसू दे'नं मला भिगवणपर्यंत रडवलं.

आमच्या घरची बाळंतिणीची बाज म्हणजे कुठलीही खाट नव्हे. आजोबांनी बाभळीच्या लाकडाची करून घेतलेली, एरवी भिंतीला उभी करून ठेवलेली. घरात बाळंतीण येणार असली की आण्णा जुनी सुतळी काढून नवी विणायला बसतात. मी, माझा भाऊ, धाकटी मनीषा, आम्ही सगळे त्याच बाजेवर आईच्या कुशीत होतो. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा, वर बाळंतीण. "बाजेवर शेक घेतलेल्या बाईची कंबर म्हातारपणीबी वाकत न्हाई," असं आई म्हणते. तिची वाकलेली नाही, हे मान्य करायला हवं.

मग मी का निघाले? माझा रक्तदाब वाढलेला होता आणि मला पहिल्यापासून तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई पुण्यात होत्या. हे कारण मी गावभर सांगितलं आणि ते खरंही होतं. दुसरं कारण कुणाला सांगितलं नाही. बाळाच्या बापानं बारशाला पाहुण्यासारखं यायचं, पाळण्याशी फोटो काढायचा आणि सोमवारी ऑफिस गाठायचं, हे मला पटत नव्हतं. मी शिकायला म्हणून पुण्यात आले, हॉस्टेलची पातळ आमटी खाऊन शिकले, नोकरी धरली, प्रशांतशी लग्न केलं आणि दोघांनी मिळून धायरीत सातव्या मजल्यावर घर केलं. माझ्या मुलाचं पहिलं रडणं त्या घराच्या भिंतींनी ऐकावं, एवढीच हौस होती. गावाला वाटलं, पोरगी शेफारली. थोडी शेफारले होतेच, नाही कशाला म्हणू?

सिझेरियन झालं आणि ओवी जन्मली. आई आली, पण रुसवा सोबत घेऊनच. डिंकाच्या लाडवांचा डबा ओट्यावर आपटून तिनं नळ सोडला, तर नळाला पाणी नाही. खडकवासला इथून हाकेच्या अंतरावर, आणि आमच्याकडे टँकर. "धरणाच्या उशाला ऱ्हायचं आन पाणी इकत आणायचं. लई हुशार माणसं तुमी," एवढं बोलून ती कामाला लागली.

पाचवीला तिनं पूजा मांडली. बाळाचं नशीब लिहायला सटवाई येते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि माझं ऑफिसचं बॉलपेन ठेवलं. मग तिला वेगळीच काळजी लागली. "सटवाईला हितला पत्ता घावंल का गं?" शेजारच्या देशपांडे काकू वाटीभर खीर घेऊन आल्या होत्या. त्यांचा जन्म नारायण पेठेत गेला, मुलाबरोबर इकडे राहायला आल्या, पण जीभ अजून पेठेतच आहे. त्या म्हणाल्या, "गेटवर तिचं नाव देऊन ठेवा. आमचा वॉचमन मोबाइलवर परवानगी घेतल्याशिवाय देवीलासुद्धा वर सोडत नाही." आई पुण्यात आल्यावर पहिल्यांदा हसली.

मी हसले नाही. मला तेव्हा कशाचंच हसू येत नव्हतं. टाके ओढायचे, मऊ गादीवरून उठताना कमरेतून कळ निघायची, दूध पुरेसं येत नव्हतं. ओवी शांत झोपलेली असली तरी मी तिच्याकडे बघून रडायची, आणि का रडते ते मला सांगता यायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून नीट विचारलं. असं पुष्कळ जणींचं होतं, यात लाजण्यासारखं काही नाही, झोप हवी, माणसं हवीत आणि त्यांच्याकडे जाऊन बोलत राहायचं, असं त्यांनी बजावलं. आईनं त्यातलं तिच्या सोयीचं तेवढं उचललं. "माणसंच पायजेत ना? मग चल गावाकडं. आख्खं गाव हाय." आणि तिनं आण्णांना फोन लावला. "गाडी घिऊन या. हिला न्यायची."

मी नाही म्हणाले नाही. तेवढं बळच नव्हतं. पण मनात भीती होती ती एकच. आज मी हे घर सोडून गेले, तर पुन्हा यायची हिंमत मला होणार नाही. गाव मायेनं ठेवून घेईल, नोकरी सुटेल, आणि 'तिला तिकडं झेपलं नाही' हे वाक्य आयुष्यभर चिकटेल. आई ओवीची झबली पिशवीत भरत होती. प्रशांत दुपटी घडी करून तिच्या हातात देत होता. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरून फोन आला. "मॅडम, एक काका आलेत. कुणाकडे जायचंय विचारलं तर 'लेकीकडं' म्हणतात. फ्लॅट नंबर माहीत नाही, चिठ्ठीवरचा तुमचा मोबाइल नंबर दाखवला. आणि सोबत पलंगासारखं काहीतरी आहे."

आमच्या गावचा कांदा टेम्पोनं मार्केट यार्डात येतो. आण्णा पोत्यांवर बाज बांधून त्याच टेम्पोतून आले होते. यार्डात कांदा उतरवला आणि ड्रायव्हरला गोडीगुलाबीनं धायरीपर्यंत आणलं. आई तरातरा खाली गेली, मागोमाग मीही गेले, भिंतीला धरत.

"मी गाडी म्हणलं हुतं. तुमी बाज काय आणली?" आई म्हणाली.

आण्णांनी डोक्याचं उपरणं सोडून घाम पुसला. "ती यायची आसती तर तवाच ऱ्हायली आसती. हितं घर केलंय तिनं. लेकीचं घर मोडून तिला न्यायची व्हय?"

माझे वडील कमी बोलतात. एवढं सलग बोलताना मी त्यांना फार वेळा ऐकलेलं नाही.

आता गंमत अशी की बाज लिफ्टमध्ये शिरेना. उभी करून झाली, आडवी झाली, तिरकी झाली. जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडकली. आमच्या घरी बाजेला मधल्या खोलीच्या दारातून जावं लागतं, तेवढाच हिशेब आजोबांनी केलेला. लिफ्ट त्यांच्या ध्यानीमनीही नसणार. काकू वरून डोकावल्या. "ही लिफ्ट माणसांसाठी आहे म्हणतात. माणसंही जेमतेमच मावतात म्हणा."

आण्णा पार्किंगमध्ये फतकल मारून बसले आणि स्वतःच्या हातानं विणलेली बाज त्यांनी उलगडायला घेतली. माझ्यासाठी विणलेली, मी न वापरलेली ती सगळी सुतळी काढून तिचा मोठा गुंडा केला. दांड्या आणि पाय ठोकून सुटे केले. सगळं वर आलं, आणि आमच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या समोर, त्यांनी ती पुन्हा विणली. ते एक पदर ओढायचे, प्रशांत दुसरा ताणून धरायचा. "जावईबापू, ढिल्लं नगं. आपली माणसं झोपायचीत," असं आण्णा म्हणाले की तो आणखी ताणायचा. मी ओवीला मांडीवर घेऊन बघत बसले होते. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली.

बाज गॅलरीत मांडली. ओवीला धुराचा वाससुद्धा लागता कामा नये, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, म्हणून ती आत बापाजवळ, आणि बाहेर उन्हात मी. खाली निखारे, कानाला घट्ट फडकं, तोंडात लाडू. एरवी परदेशातल्या क्लायंटशी तावातावानं इंग्रजीत भांडणारी मी, त्या अवतारात समोरच्या अख्ख्या इमारतीला दिसत होते. मला त्याची काडीइतकी लाज वाटली नाही.

बाजेनं जादू केली असं मी म्हणणार नाही. डॉक्टरीणबाईंकडे जाणं पुढं कितीतरी महिने चालू होतं आणि त्याचाही मला अभिमान आहे. पण आधी कंबर सावरली, मग दूध आलं, मग हळूहळू मी आले. दरम्यान आईनं प्रशांतला बाळ पायांवर घेऊन न्हाऊ घालायला शिकवलं. गावी फोनवर ती तक्रारीच्या सुरात सांगायची, "काय सांगावं बाई, हितं जावई लेकराला न्हाऊ घालतोय." पण ती तक्रार तिनं गावातल्या एकूण एक घरी पोचवली.

गावात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही म्हणता मी तिकडचीच झाले. झाले, खरं आहे. पण येताना रिकाम्या हातानं आले नाही. समोरच्या इमारतीतून एक नागपूरची मुलगी विचारत आली, "ताई, ती खाट मिळेल का?" तिच्यानंतर कुणी केरळची, कुणी इंदूरची. आईवडील लांब, घरात नवरा आणि लॅपटॉप, आणि हातात अचानक एक जिवंत बाळ. माझ्यासारख्याच सगळ्या. बाज सुटी होऊन लिफ्टनं जाते आणि प्रशांत जाऊन विणून येतो. आण्णांइतकी घट्ट नाही, पण झोपण्याजोगी. सोबत मी लाडवांचा डबा देते आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बसते. रडायचं असेल तर रडू देते, आणि रडणं थांबेना तर डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जाते.

परवा आण्णांचा फोन आला. मनीषा सातव्यात आहे, बाळंतपणाला घरी आणलीय. "कांद्याचा टेम्पो यार्डात येणार हाय. माघारी येताना बाज धाडून दे."

बाज आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर होती, मधुस्मिताकडे. ओडिशाची मुलगी, आई आजारी म्हणून येऊ शकलेली नाही, बाळंत होऊन थोडेच दिवस झालेले. बाज घरची, आजोबांची, आणि तिच्यावर माझ्याइतकाच मनीषाचा हक्क. मी चाचरत सगळं सांगितलं.

"बाळतिणीला बाजेवरनं उठवत न्हाईत," आण्णा म्हणाले. "ती तितंच आसू दे. मनीला आमी हितं नवी करतो." मग म्हणाले, "सुतळी ढिल्ली पडली आसंल. येतो मी रविवारी, आवळून दितो."

रविवारी मी सकाळपासून पोहे करून वाट बघत होते. ओवी दाराशी उभी. आण्णा काही येईनात. शेवटी मीच गेटवर फोन लावला.

"आले की मॅडम मघाशीच," वॉचमन म्हणाला. "कुणाकडे विचारलं तर 'लेकीकडं' म्हणाले, आणि चौथ्या मजल्यावर गेले. चुकले का? सांगू त्यांना?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर गेलेत."